भाऊजी, त्या सहीबद्दल

भाऊजी,

हे पत्र मी मराठीत लिहितेय. तुम्हाला ते मुलगी इंग्रजीत समजावून सांगेल. पण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांना, त्यातही पोलिसांच्या घरातल्या बायकामुलांना कळावं असं फार वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

लग्न होऊन मी १९९७ साली न्यूयॉर्कला आले. ह्यांचं सगळं लहानपण क्वीन्समध्ये गेलेलं, पोलीस खात्यात लागून चार वर्षं झालेली. पुढे सोनेरी शील्ड, म्हणजे डिटेक्टिव्हचा बिल्ला, मिळालं, हे डिटेक्टिव्ह झाले आणि तुम्ही ह्यांचे पार्टनर. पहिल्यांदा जेवायला आलात तेव्हा नवऱ्याच्या मित्राला म्हणतात तसं सहज ‘भाऊजी’ म्हटलं. तेव्हापासून आजपर्यंत फोनवर तुम्ही ‘बाउजी बोलतोय’ असंच सांगता.

आज आभार मानायचेत ते मुख्यतः एका सहीचे. जानेवारी २००६ मध्ये जेम्स झाड्रोगा गेले. तुमच्यासारखेच डिटेक्टिव्ह, वय अवघं ३४. २००१ च्या अकरा सप्टेंबरला जुळे मनोरे पडल्यावर त्या ढिगाऱ्यात काम केलेलं, फुप्फुसं निकामी झालेली. त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी तुम्ही दारात उभे. हातात युनियनचं पाकीट, बरोबर पलीकडच्या गल्लीतला नोटरी. मी पोहे टाकले होते. हे नुकतेच सकाळच्या धावण्याहून आलेले, घामाघूम. तुम्ही टेबलावर फॉर्म ठेवलात. अकरा सप्टेंबरनंतरच्या कामात मी होतो, असं शपथेवर लिहून पेन्शन फंडाकडे नोंदवायचा तो फॉर्म. हे म्हणाले, मला काय धाड भरलीय? तुम्ही म्हणालात, काही झालेलं नाही, म्हणूनच आज सही कर. हे टाळत होते. तुम्ही पोह्यांच्या बशीला हात लावला नाहीत. सही झाली, नोटरीचा शिक्का बसला, मगच तुम्ही खाल्लंत. त्या फॉर्मची प्रत माझ्याकडे आहे. डाव्या कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलंय, ते माझंच.

त्या फॉर्ममागे काय होतं ते इथं सांगायला हवं. अकरा सप्टेंबरला न्यूयॉर्क पोलिसांचे २३ जण गेले. त्यांत दोन डिटेक्टिव्ह होते, जोसेफ विजियानो आणि बॉम्ब स्क्वाडचे क्लॉड रिचर्ड्स. विजियानोंचा भाऊ जॉन अग्निशमन दलात होता. तोही त्याच दिवशी गेला, एकाच आईची दोन मुलं. पण मरण तिथं थांबलं नाही. ढिगारा बोटींतून स्टेटन आयलंडवरच्या फ्रेश किल्स या बंद केलेल्या कचराभूमीवर नेला जायचा आणि तिथं डिटेक्टिव्ह तो चाळायचे. पांढरे सूट, तोंडावर मास्क, समोर सरकता पट्टा. पाव इंचाचा तुकडासुद्धा बघायचा, कारण तो कुणाचं हाड असू शकतो, कुणाची अंगठी असू शकते. जुलै २००२ पर्यंत हे चाललं. तुम्ही दोघं तिथं शेजारी शेजारी उभे असायचात. हे घरी आले की बूट बाहेर काढायचे आणि मुलीला जवळ घेण्याआधी तासभर आंघोळ करायचे. काय सापडलं ते कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, आज एक ओळखपत्र मिळालं, त्यावरची बाई हसत होती.

त्या धुळीनं नंतर जे पोलीस गेले त्यांची संख्या त्या दिवशीच्या २३ च्या कित्येक पट आहे.

ह्यांचा खोकला २०१७ मध्ये सुरू झाला. कॅन्सर निघाला. तेव्हा त्या सहीची किंमत कळली. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या मुदतीत किमान ४० तास काम केलेलं असेल आणि नोंद झालेली असेल, तर आजार त्या कामामुळेच झाला असं न्यूयॉर्कचा कायदा गृहीत धरतो. तसं नाही म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं, आजारी माणसानं नाही. तरीही एका कार्यालयातून पत्र आलं की हजेरीचा पुरावा अपुरा आहे. मी ते हातात धरून नुसती बसून राहिले. तुम्ही आलात, कोट काढलात आणि आमच्या गॅरेजमध्ये शिरलात. दोन दिवस खोकी उपसलीत. ओव्हरटाइमच्या स्लिपा सापडल्या, शाई उडालेल्या. तुम्ही त्या बॅटरीच्या उजेडात वाचून तास मांडलेत, दोन जुन्या सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणलीत. त्यातला एक फ्लोरिडात राहायला गेलेला, त्याच्याकडे तुम्ही स्वतः गेलात. ह्यांना केमोला नेणं, शाळेतून मुलीला आणणं, ते तर झालंच. आणि २०२१ च्या हिवाळ्यात हे गेले, तेव्हा पांढरे हातमोजे घातलेली ती लांबच लांब रांग, शील्डवरच्या काळ्या पट्ट्या, बॅगपाइप. त्या सगळ्या गर्दीत मला भटजी हवेत हे लक्षात ठेवणारे तुम्हीच होतात.

माझ्यासाठी ह्याचं इतकं मोल का, ते तुम्हाला कधी सांगितलेलं नाही.

माझे बाबा मुंबई पोलिसांत हवालदार होते. आम्ही नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये राहायचो. तेव्हा शिपायांची संघटना होती. पगार, ड्युटीचे तास, साहेबांच्या घरची कामं, यांवर बोलणारी. १९८२ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं तिची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडलं. १८ तारखेला नायगाव-वरळी पेटलं आणि शहरात लष्कर उतरलं. मी नऊ वर्षांची होते. त्या रात्री आईनं बाबांच्या ट्रंकेतल्या वर्गणीच्या पावत्या काढल्या आणि स्टोव्हवर एकेक करून जाळल्या. बाबा बघत राहिले. नंतर आमच्या घरात ‘संघटना’ हा शब्द कुणी काढला नाही. आपल्याकडे १९६६ च्या कायद्यानं पोलिसांच्या संघटनेवर बंधनं आहेत. शिस्तीसाठी ती हवीत असं म्हणणारे चांगले लोक मला माहीत आहेत. इथंही पोलिसांना संपाचा अधिकार नाही, १९६७ च्या टेलर कायद्यानं तो सगळ्याच सरकारी नोकरांना नाकारलाय. पण संप नाही म्हणून युनियनच नको, असं इथं कुणी म्हटलं नाही. तुमची डिटेक्टिव्ह्ज एन्डाउमेंट असोसिएशन १९१७ पासून उभी आहे. पगाराचा करार तीच करते, चौकशी लागली तर वकील तीच देते.

नायगावला आमच्या खालच्या मजल्यावरचे एक काका ड्युटीवर असतानाच वारले. मानवंदना झाली, चाळीनं वर्गणी काढली, कुणी माणुसकीला कमी पडलं नाही. पण पुढे दोन वर्षं त्या काकू कापडी पिशवीत कागद घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होत्या. कुठला कागद लागतो हे त्यांना प्रत्येक टेबलावर नव्यानं कळायचं. संध्याकाळी जिन्यात बसून त्या चपला काढायच्या आणि पाय चोळायच्या. मला ती पिशवी अजून दिसते. माझ्या हातात तशी पिशवी आली नाही, भाऊजी. ती तुम्ही उचललीत, आणि मला गरज पडायच्या पंधरा वर्षं आधी.

तुम्ही म्हणता, हे माझं एकट्याचं नाही, डेलिगेटचं, म्हणजे युनियनच्या प्रतिनिधीचं, कामच हे. असेल. मी लुईस अल्वारेझना विसरलेले नाही. ६९ वी केमो दुसऱ्या दिवशी होती आणि ११ जून २०१९ ला ते वॉशिंग्टनला काँग्रेससमोर, म्हणजे इथल्या संसदेसमोर, बसले, दुसऱ्यांच्या भरपाईसाठी. १८ दिवसांनी गेले. जुलैमध्ये कायदा झाला आणि आता भरपाईचा अर्ज २०९० पर्यंत करता येतो. तेही डिटेक्टिव्हच. आपल्याच रांगेत अशी माणसं उभी असली की डेलिगेट असा घडत असावा.

२८ जुलै २०२५ ला पार्क अव्हेन्यूवरच्या गोळीबारात न्यूयॉर्क पोलिसांतले दिदारुल इस्लाम गेले. वय ३६, बांगलादेशातून आलेले, बायको तिसऱ्या वेळी गरोदर. अंत्यविधीच्या वेळी त्यांना मरणोत्तर डिटेक्टिव्ह फर्स्ट ग्रेड केलं. निवृत्त होऊनही तुम्ही ब्राँक्सला गेलात, मला बरोबर घेऊन. दूर त्यांच्या घरातल्या बायकांकडे बघत तुम्ही एवढंच म्हणालात, ‘आता हे घर आपलं.’ परदेशातून आलेल्या बाईला इथं काय काय कळत नाही, ते मला माहीत आहे. म्हणून मी आता युनियनच्या विधवा-मुलांच्या निधीसाठी जमेल तेवढं काम करते. ते तुमच्याकडूनच शिकले.

आणखी एक गोष्ट राहिली. लहानपणी २१ ऑक्टोबरला आम्ही नायगावच्या मैदानाच्या कडेला उभं राहायचो. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला केंद्रीय राखीव दलाचे दहा जण मारले गेले, त्यांच्या आठवणीचा तो दिवस. वर्षभरात देशात गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जायची. परक्या प्रांतांतली, अडखळत उच्चारलेली. बाबा म्हणायचे, निदान नाव तरी धड घ्या रे.

ह्यांचं नावही असंच वॉशिंग्टनला वाचलं जायचं होतं, गेलेल्या पोलिसांच्या आठवणीतल्या १३ मेच्या मेणबत्त्यांच्या रात्री. त्याच्या महिनाभर आधी तुमचा फोन आला. आमच्या आडनावातला ‘ळ’ शिकायचा होता. तीन दिवस रोज संध्याकाळी तुम्ही तो घोकलात. जीभ मागे वळत नव्हती, तुम्ही चिडलात, पुन्हा फोन केलात. मग जमेल तसा इंग्रजीत लिहून, रेकॉर्ड करून आयोजकांना पाठवलात. त्या रात्री हजारो मेणबत्त्यांत ते आडनाव आलं, आणि ‘ळ’ सकट आलं. दुसऱ्या दिवशी स्मारकाच्या भिंतीवर, कोरलेल्या त्या नावावर कागद धरून मी पेन्सिल घासली, तुम्ही कागदाचे कोपरे धरलेत. तुमचे हात थरथरत होते.

तेव्हापासून ते थरथरणं माझ्या मनातून जात नाही. फ्रेश किल्सला तुम्हीही तितकेच तास होतात. तुमची यंदाची तपासणी दोनदा पुढे ढकलली असं तुमच्या घरून कळलं. येत्या मंगळवारी सकाळी साडेआठला मी गाडी घेऊन दाराशी येतेय. उपाशीपोटी रक्त द्यायचंय, म्हणून डब्यात पोहे आणतेय, नंतर खायला.

तुमची,
वहिनी