विगनची जुनी लेलँड बस पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

मँचेस्टर, बोल्टन, प्रेस्टन आणि विगन भागातल्या मराठी मंडळींना हे आवाहन आहे. आमची संस्था जुन्या बस जतन करणाऱ्या हौशी लोकांची. सभासद बहुतेक इथलेच, लँकेशायरचे. पण शनिवारी शेडमध्ये पाना घेऊन उभे राहणाऱ्यांत आम्ही काही मराठीही आहोत, म्हणून हे पत्रक मराठीत.

आमच्याकडे लेलँड टायटन पीडी२ जातीची एक दुमजली बस आहे. तिची चासी लेलँड गावात तयार झाली, वरचा सांगाडा आणि पत्राकाम विगनच्या नॉर्दर्न काउंटीज कारखान्यात. दोन्ही गावे जवळजवळचीच. नंतर आयुष्यभर ती विगन नगरपालिकेकडे राबली, म्हणजे जन्म आणि नोकरी एकाच पंचक्रोशीत. नॉर्दर्न काउंटीजचा कारखाना २००५ साली बंद पडला. तिथल्या कारागिरांच्या हातचे काम पाहायचे तर आता अशा बसच उरल्या आहेत.

त्या काळी इथल्या प्रत्येक नगरपालिकेचा बसचा रंग वेगळा असे. सॅलफर्डच्या हिरव्या, मँचेस्टरच्या लाल. विगनच्या गडद लाल आणि पांढऱ्या, शिवाय पुढच्या बाजूला दोन हिरवे दिवे! अंधारात दुरूनच गावची बस ओळखू यावी म्हणून ही युक्ती. मँचेस्टर, सॅलफर्ड, बोल्टन यांच्यासह ११ नगरपालिकांच्या बस १९६९ साली एका छत्राखाली गेल्या आणि नारिंगी-पांढऱ्या झाल्या. विगनची पाळी १ एप्रिल १९७४ ला आली. कारभाराच्या दृष्टीने ते सोयीचे असेल. दिसायला मात्र सगळी गावे सारखी झाली, असे आमचे प्रांजळ मत आहे.

या बस गेल्या त्याचे कारण इंजिन नव्हे. लेलँडचे ९.८ लिटरचे ‘६००’ डिझेल इंजिन दणकट, आमच्या बसचे आजही चालू होते. अडचण होती रचनेची. ड्रायव्हर पुढे अर्ध्या केबिनमध्ये एकटा, प्रवाशांपासून पूर्ण तुटलेला. चढउतार मागच्या उघड्या फळीवरून. त्यामुळे कंडक्टर हवाच. १९६६ पासून दुमजली बस एकट्या ड्रायव्हरने चालवायला परवानगी मिळाली, आणि १९६८ च्या वाहतूक कायद्याने नव्या बसला सरकारी अनुदान दिले तेही अशा एकट्याने चालवता येणाऱ्या बसलाच. मग अर्ध्या केबिनची बस कोण घेणार?

आता मुद्द्याचे. आमच्या बसचा सांगाडा पोलादी आहे आणि त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे. हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी शिरले की झीज झपाट्याने होते. लँकेशायरच्या पावसाबद्दल आपल्याला काय सांगायचे! खालच्या मजल्याच्या खिडक्यांखालचे खांब आणि मागच्या फळीचा आधार इतका खाल्ला गेला आहे की पत्रे काढून नवे पोलाद जोडल्याशिवाय बस रस्त्यावर नेणे धोक्याचे आहे. या कामासाठी ९,००० पौंड उभे करायचे आहेत. रंगकाम नंतर. आधी रंग लावून बस फोटोत देखणी करता येते, पण आतला गंज तसाच राहतो.

पुढच्या टायरचाही खर्च यातच धरला आहे. १० वर्षांहून जुने टायर बसच्या पुढच्या चाकांना लावायला २०२१ पासून बंदी आहे. धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या, ४० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना त्यातून सूट आहे. पण मागे मुले बसलेली असताना ती सूट घ्यायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. बस दुरुस्त झाली की मेळाव्यांत फेऱ्या मोफत असतील.

मुंबईत वाढलेल्यांना ही बस परकी वाटणार नाही. १९६७ साली अशोक लेलँडने आणलेली टायटन तिची नात्यातलीच, आणि त्या जातीच्या गाड्या बेस्टने पुष्कळ चालवल्या. घंटेची भाषाही तीच : एक टोला थांब, दोन टोले चल. मुंबईत १९३७ पासून धावणाऱ्या दुमजली बसमधली शेवटची डिझेल गाडी १५ सप्टेंबर २०२३ ला थांबली, तेव्हा निरोपाला लोक फुले घेऊन आले होते. तेवढी माया इथल्या बसवरही करावी, ही विनंती.

पैशांखेरीज आणखी एक मागणे आहे. पन्नास-साठच्या दशकांत भारत, पाकिस्तान आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या असंख्य लोकांनी इथल्या बसवर नोकरी केली. ती सहज मिळाली असे नाही. पगडी घालणाऱ्या शिखाला कंडक्टर म्हणून घ्यायला मँचेस्टरच्या वाहतूक खात्याने १९५९ साली नकार दिला. तो नियम बदलायला १९६६ उजाडले. हा इतिहास बसच्या वरच्या मजल्यावर छायाचित्रांसह मांडायचा आहे. आपल्या घरी, शेजारी, ओळखीत कुणी बसवर काम केलेले असेल तर बिल्ला, पगाराची चिठ्ठी, गणवेशातला फोटो, तिकिटांची गुंडाळी असे काहीही द्या. प्रत काढून मूळ वस्तू परत करू.

देणगी कितीही चालेल, पावती मिळेल. संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली आहे. आपण इथे आयकर भरत असाल तर गिफ्ट एडच्या अर्जावर सही करा, म्हणजे प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स जादा मिळतात. वेल्डिंग, शिवणकाम किंवा हिशेब येणारे कुणी शनिवारी येऊ शकले तर फारच बरे. सीटच्या गाद्या शिवणारे सध्या एकही नाही. चहा आम्ही देऊ. येताना जुने कपडे घाला, ग्रीस निघत नाही.

आपले,
संस्थेचे मराठी सभासद