डिचोलीच्या मेस्तांना जाहीर आभार

नमस्कार मेस्त,

लेकीच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे देताना तुम्हांला ‘थँक्यू’ म्हटलं, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही मला जे समजावलंत, ते आपल्याकडच्या प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असायला हवं.

माझी लेक नोकरीसाठी रोज साखळीहून पणजीला गाडी चालवत जाते. तिच्या गाडीचा हॉर्न सरळ रस्त्यावर खणखणीत वाजायचा आणि नेमका वळणावर मुका व्हायचा. आपल्या रस्त्यांवर खनिजाचे ट्रक समोरून येतात, तिथे हे फार धोक्याचं. एका गॅरेजमध्ये फ्यूज बदलला, मग हॉर्न नवा बसवला. एवढ्यात डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटला तो विझेचना. त्याचा हॉर्नशी काही संबंध नाही, गाडी चालवा, असं तिथे सांगितलं.

तुम्ही बॉनेटला हातही न लावता आधी लेकीला विचारलंत. हॉर्न जातो तेव्हा स्टिअरिंग कुठल्या बाजूला वळलेलं असतं? स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं चालतात का? फिरवताना आत कागद घासल्यासारखी खरखर येते का? बटणं मधूनच बंद पडतात हे तिला आठवलं. मग तुम्ही स्टिअरिंग हळूहळू डावीकडे फिरवत हॉर्न दाबत राहिलात. एका ठिकाणी आवाज गेला, परत सरळ केल्यावर आला. ती खरखर मीही ऐकली. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला, तर चालकाच्या एअरबॅगच्या सर्किटमधल्या दोषाचा कोड निघाला. हॉर्न, बटणं आणि दिवा, तिन्हींची वाट क्लॉक स्प्रिंगमधूनच जाते, हे तेव्हा आम्हांला कळलं.

स्टिअरिंगच्या मागे एका गोल डबीत चपटी केबल शिंप्याच्या टेपसारखी गुंडाळलेली असते, तीच ही क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंगचं चाक फिरतं तशी ती सैल होते, आवळते, आणि फिरत्या चाकापर्यंत वीज न तुटता पोचवते. पुन्हापुन्हा दुमडून तिच्यातला एखादा तार तडकतो. तडकलेलं टोक एका कोनात चिकटतं, दुसऱ्या कोनात सुटतं, म्हणून दोष येतो-जातो. याच केबलमधून एअरबॅगला उघडण्याचा इशारा मिळतो. दिवा पेटलेला असताना अपघात झाला, तर चालकासमोरची एअरबॅग उघडेलच असं नाही. चालकाची एअरबॅग आपल्या देशात नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची आहे. तोच दिवा दुर्लक्षित करा म्हणणं मला अक्षम्य वाटतं.

मध्यंतरी स्टिअरिंग रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारा भाग, उतरवला होता का, हेही तुम्ही विचारलंत. उतरवला होता. स्टिअरिंगचा दांडा (कॉलम) सुटा असताना स्टिअरिंगचं चाक बांधून ठेवलं नाही आणि ते मोकळं गरगर फिरलं, तर ही केबल ताणून तुटते. रॅकचं काम करून घेणाऱ्यांनी हे आधीच मेस्ताला विचारावं.

दिवा घालवण्यासाठी एअरबॅगच्या सर्किटला रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग) लावून देणारे लोक आहेत, हे तुमच्याच तोंडून कळलं. सर्किट ठीक आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर फसतो, दिवा विझतो, एअरबॅग मात्र मेलेलीच राहते. लेकीच्या गाडीला तुम्ही तसलं काही केलं नाहीत, भंगारातला जुना भागही लावला नाहीत. त्यासाठी तुमचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत.

काम करताना तुमची शिस्तही पाहिली. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि साठलेली वीज उतरेपर्यंत थांबलात. मी घाई केली नसती, पण गिऱ्हाईक घाई करतं तेव्हाही तुम्ही थांबता, हे तुमच्या पोराने सांगितलं. काढलेली एअरबॅग तोंड वर करून बाजूला ठेवलीत. तिला साधा मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) लावायचा नाही, त्या इवल्याशा विजेनेही ती फुटू शकते, असं त्याला बजावलंत. पुढची चाकं सरळ ठेवून नवी क्लॉक स्प्रिंग मध्यावर आणून बसवलीत. मध्य चुकला, तर पहिल्याच मोठ्या वळणाला नवी केबलही तुटते.

आता हॉर्न प्रत्येक वळणावर वाजतो. दिवा गाडी सुरू करताना पेटतो आणि आपोआप विझतो, जसा विझायला हवा तसा. लेकीने तुम्हांला नमस्कार सांगितला आहे. साखळीकडे येणं झालं तर घरी जेवायला या, पोरालाही घेऊन या.

तुमचा ऋणी,
साखळीचा एक बाप