रात्रीच्या सुपाबद्दल आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सोमवारपासून रात्री तोफू आणि भाज्यांचे सूप करावे, असे मी तुम्हाला न विचारताच मावशींना सांगून टाकले आहे आणि सामानही मागवले आहे. रागावू नका. आई, तुझ्या आमटीला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण बाबांचे बीपी गोळी वाढवूनही उतरत नाही, डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितले आहे, आणि दादाने फोनवर पापड-लोणच्यांचा जो वृत्तान्त दिला तो ऐकून मला इथे टोकियोत स्वस्थ बसवेना. भाकरी कोणीही बंद केलेली नाही. अर्धी सुपाबरोबर खुशाल घ्या.

इथे घरोघरी मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचे, सूप असते, परंतु टेबलस्पूनभर मिसोत दोन ग्रॅमच्या वर मीठ जाते आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचे सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, म्हणून मिसो वगळला. इथे सुपाला चव आणायला माशाच्या किसाचे पाणी घेतात, ते आपल्या घरात चालायचे नाही. बौद्ध मठांत त्याऐवजी कोंबू हे समुद्रशेवाळ आणि वाळवलेली शिताके आळंबी वापरतात. बाबा, याच कोंबूतून जपानी रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापक इकेदांनी १९०८ मध्ये ग्लुटामेट हा चव आणणारा पदार्थ वेगळा काढला, हे तुम्ही वर्गात नक्की रंगवून सांगितले असते. पण कोंबूत आयोडिन फार, आणि आईला थायरॉइड. तेव्हा नुसती शिताके. तोफू सोयाबीनचा, आणि सोयाबीनमुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, मात्र आईची गोळी पहाटे उपाशीपोटी असते आणि सूप रात्री, त्यामुळे काळजी नसावी. तरीही पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालाच.

चार शिताके सकाळीच तीन कप थंड पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवावीत. घाईने गरम पाणी ओतले तर चव तितकी उतरत नाही. संध्याकाळी ते पाणी गाळून त्यात आळंब्यांचे काप, किसलेले आले, गाजर आणि कोबी शिजवावा. तोफूचे तुकडे अगदी शेवटी सोडून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे ठेवावेत आणि डाव फिरवू नये, नाहीतर भुगा होतो. गॅस बंद केल्यावर कांद्याची पात आणि दोघांत मिळून एक लहान चमचा सोया सॉस घालावा. तेवढ्यातच जवळजवळ एक ग्रॅम मीठ असते, म्हणून वेगळे मीठ अजिबात नको.

बाबा, तोफूला नाक मुरडू नका. ते सोयाबीनच्या दुधाचे पनीरच आहे, फक्त लिंबाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइडने नासवलेले, आणि तुमच्या कवळीला त्याचा काही त्रास व्हायचा नाही. मी तापात तोंड मिटून बसले की तुम्ही माझ्या कढणाचा पहिला घोट स्वतः घेऊन ‘वा!’ म्हणायचात, आता ते काम आईकडे सोपवते आहे.

आई, उरलेला तोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेव, पाणी रोज बदल आणि दोन दिवसांत संपव. आंबूस वास आला तर वाया जाईल म्हणून कढीत ढकलू नकोस. बाबांनी मीठ मागितले तर लिंबाची फोड दे. आणि चव पटली नाही तर मावशींना बोलू नका, मला सांगा. मिरपूड किंवा आले वाढवून बघू.

तुमची,
ताई