ढगाची सावली

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

'इलेक्ट्रॉनचा चित्रपट घेता येतो हे खरे का, आणि अकरावीच्या मुलांना ते कसे सांगू', या एक बातमी वाचून तू विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला महिना लागला, याबद्दल रागावू नकोस.

आधी एक घोळ मिटवतो. तू फळ्यावर अणुकेंद्राभोवती जो इलेक्ट्रॉनचा ढग काढतोस, तो आम्ही पाहत नाही. आमचा ढग तांब्याच्या बारीक जाळीतून बाहेर पडलेल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा असतो. आमच्या हिरव्या लेसरच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशकणात, सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते आणि तांब्यातून इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण ४.५ लागतात, म्हणजे एकाने भागत नाही, दोन फोटॉन एकाच क्षणी यावे लागतात. साध्या दिव्याखाली हे जवळजवळ घडतच नाही, परंतु काही शे फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग) लेसर-स्पंदात, म्हणजे लेसरच्या क्षणिक झोतात, प्रकाश इतका दाटलेला असतो की ते सहज घडते, आणि निदान सुरुवातीला तरी तीव्रता दुप्पट केली की इलेक्ट्रॉन चौपट निघतात. निघालेले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, मागे राहिलेला धनभार त्यांना ओढतो, आणि या ओढाताणीत ढग पिकोसेकंदांच्या (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) मापात फुगतो व विरतो.

तो पाहायचा कसा? २०० किलोव्होल्टवर प्रवेग दिलेले, प्रकाशाच्या सुमारे ०.७ पट वेगाने जाणारे दुसरे इलेक्ट्रॉन त्याच्यातून पाठवायचे. ढगाच्या विद्युत क्षेत्रामुळे त्यांची वाट किंचित वाकते आणि पडद्यावर जाळीची सावली वेडीवाकडी होते. वैशाखात डांबरी रस्त्यावरची तापलेली हवा दिसत नाही, पलीकडचे झाड थरथरताना दिसते. आमचे तसेच आहे. मुलांना 'छायाचित्र' हा शब्द सांगू नकोस, त्याने फार दिशाभूल होते.

'चित्रपट' हा शब्दही जपून वापर. एका स्पंदात इलेक्ट्रॉनांची गर्दी केली तर ते एकमेकांना ढकलून स्पंदच लांबवतात, म्हणून फार थोडे पाठवतो आणि तीच घटना लाखो वेळा घडवून एक चौकट भरतो. पुढच्या चौकटीसाठी लेसरच्या वाटेतला आरसा सरकवायचा: १ मिलिमीटर सरकला की प्रकाशाला येऊनजाऊन सुमारे ६.७ पिकोसेकंद उशीर होतो. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन एकत्र येण्याचा 'शून्य क्षण' शोधताना मी दोन रात्री आरसा उलट दिशेने सरकवत बसलो होतो! शेवटी तो सापडला याच ढगामुळे, कारण जाळीची सावली अचानक हलली. गंमत अशी की पुष्कळ प्रयोगशाळांत या ढगाचा उपयोग आजही एवढाच होतो. शून्य क्षण मिळाला की त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. मला मात्र तोच पाहण्याजोगा वाटतो.

इलेक्ट्रॉन-स्पंदांनी पाहण्याच्या या तंत्राचा पाया अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेमध्ये अहमद झेवैल यांनी घातला. १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना आधीच्या फेम्टोसेकंद कामासाठी मिळाले होते. तू वाचलेली बातमी बहुधा २०२४ मधील अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या कामाची असावी. तेथे मोहम्मद हसन यांच्या गटाने प्रकाशाच्याच साहाय्याने ६२५ अ‍ॅटोसेकंदांचा (फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग तो एक) इलेक्ट्रॉन-स्पंद मिळवला. काम खरोखर थोर आहे; पण ग्राफीनमधील, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरातील, इलेक्ट्रॉनांची हालचाल त्यांनी विवर्तनाच्या ठिपक्यांची (थरातून जाताना विखुरलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर उमटवतात त्या ठिपक्यांची) तीव्रता कशी बदलते यावरून ओळखली, धावणारा इलेक्ट्रॉन कोणी पाहिला नाही.

माझ्या जाळीच्या आठ चौकटी सोबत पाठवतो आहे. चौथीत डावीकडचा कोपरा पाहा, तेथे तार वाकलेली दिसेल. तार सरळच आहे.

तुझा,
श्रीधर