वानुआतूच्या पोरांचं पत्र आणि आपल्या पोरांची रॅली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं, की हवामान बदलाच्या नावाखाली कॉलेजची पोरं नुसत्या रॅल्या काढतात, स्टेटस टाकतात आणि घरी जाऊन एसी लावून झोपतात, आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं (नेदरलँड्समधलं यूएनचं कोर्ट) हवामान बदलावर दिलेल्या त्या निकालाचं जे काय कौतुक चाललंय तो तर कुणावर बंधनकारकच नाही, मग उपयोग काय. पहिल्या भागावर मी फार भांडणार नाही, ज्युनियर कॉलेजात शिकवते, ५ जूनला काय चालतं ते दरवर्षी बघते. पण दुसऱ्या भागावर लिहायलाच पाहिजे, कारण हेगचा तो निकाल मुळात पॅसिफिकच्या बेटांवरच्या कॉलेजच्या पोरांनीच आणलाय, आणि कसा आणला हे आपल्याकडे कुणी नीट सांगितलेलंच नाही. पेपरात "ऐतिहासिक निकाल" एवढं आलं आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला.

तर वानुआतू. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात ऐंशीच्या वर बेटं, लोकसंख्या सगळी मिळून सव्वातीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. मार्च २०१५ मध्ये तिथे पॅम नावाचं कॅटेगरी ५ चं, म्हणजे सर्वात जोरदार प्रकारातलं वादळ आलं, ताशी २५० किलोमीटरचे वारे, आणि जे नुकसान झालं ते देशाच्या जीडीपीच्या जवळजवळ ६४ टक्के. एका वादळात! वर्षभर देश जेवढं कमावतो त्यातले दहा आण्यांच्या वर एका रात्रीत गेले. एप्रिल २०२० मध्ये हॅरॉल्ड आलं, तेही कॅटेगरी ५, आणि तेव्हा कोविडमुळे सीमा बंद होत्या, बाहेरच्या मदत पथकांना आत येता येईना, त्यामुळे निस्तरलं ते बहुतेक तिथल्याच लोकांनी. मग मार्च २०२३ मध्ये जुडी आणि केविन अशी दोन वादळं एकाच आठवड्यात. आणि या देशानं आजवर कार्बन सोडला किती, तर जगाच्या हिशोबात दिसणारही नाही इतका.

आता तिथल्या पोरांकडे येते. युनिव्हर्सिटी ऑफ द साऊथ पॅसिफिक ही बारा छोट्या देशांनी मिळून चालवलेली युनिव्हर्सिटी, मुख्य कॅम्पस फिजीमध्ये सुवाला, पण लॉचं शिक्षण वानुआतूच्या राजधानीत, पोर्ट व्हिलाला. २०१९ मध्ये तिथल्या पर्यावरण कायद्याच्या वर्गात सरांनी पोरांना काम दिलं की हवामान बदलावर आंतरराष्ट्रीय कायद्यातून मोठ्यात मोठा मार्ग कोणता काढता येईल तो शोधा. वर्गात सॉलोमन आयलंड्स, फिजी, अशा वेगवेगळ्या देशांची मुलं. त्यातल्या २७ जणांनी ठरवलं की हा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा, आणि पॅसिफिक आयलंड्स स्टुडंट्स फायटिंग क्लायमेट चेंज नावाची संघटना काढली.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगावी लागेल, कारण सगळी मेख तिथेच आहे. हेगच्या त्या कोर्टात तुम्ही-आम्ही जाऊ शकत नाही, विद्यार्थी संघटना तर नाहीच नाही. तिथे फक्त देश जातात, किंवा यूएनच्या सनदेच्या कलम ९६ प्रमाणे जनरल असेंब्ली, म्हणजे सगळ्या सदस्य देशांची सभा, कोर्टाचं मत मागू शकते. म्हणजे या पोरांना आधी एक सरकार पकडायचं होतं, मग त्या सरकारनं बाकीचे देश जमवायचे, मग असेंब्लीत ठराव, मग कोर्ट. २०११ मध्ये पलाऊ या अजून एका चिमुकल्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी असाच प्रयत्न जाहीर केला होता आणि तो पुढे सरकलाच नाही. जिथे एका देशाच्या प्रमुखाला जमलं नाही तिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या लॉच्या पोरांनी काय करायचं? त्यांनी पॅसिफिकच्या नेत्यांना पत्रं लिहिली. आणि वानुआतूचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनवानू यांनी ती पोरांची हौस म्हणून बाजूला न ठेवता विषय उचलून धरला.

मला या सगळ्यात सर्वात जास्त आश्चर्य कशाचं वाटतं सांगू का, निकालाचं नाही. २०१९ मध्ये पत्र गेलं तेव्हा पंतप्रधान होते चार्लोट सलवाई. २०२१ च्या सप्टेंबरात सरकारनं अधिकृतपणे जाहीर केलं की आम्ही हे पुढे नेणार, तेव्हा बॉब लॉफमन. २९ मार्च २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये ठराव पास झाला तेव्हा इश्माएल काल्साकाऊ, आणि निकालाच्या दिवशी जोथम नापाट. तिथे अविश्वास ठराव आणि फोडाफोडी आपल्याला लाजवेल अशी चालते. खुद्द रेगेनवानू मधली काही वर्षं विरोधी पक्षनेते होते आणि मग हवामान मंत्री म्हणून परत आले. एवढ्या उलथापालथीत ही एक फाईल कुणी कपाटात टाकली नाही. आपल्याकडे सरकार बदललं की आधीच्याच्या योजनेचं नाव बदलतं, नाहीतर योजनाच जाते. त्यांच्याकडे ती टिकली याचं एक कारण मला असं दिसतं की ती कुठल्या मंत्र्याची नव्हतीच, ती पोरांची होती आणि पोरं प्रत्येक नव्या सरकारच्या दारात परत उभी राहत होती.

तो ठराव शेवटी मतदान न घेता, एकमतानं पास झाला, १३२ देश सहप्रायोजक. आणि तारीख बघा, जुडी-केविननं छपरं उडवल्याला महिनाही झाला नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये हेगला २ ते १३ तारखेपर्यंत सुनावणी चालली, ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संस्था बोलल्या, कोर्टाच्या इतिहासात एवढे कधी आले नव्हते. पहिल्याच दिवशी सिंथिया हौनिउही ही सॉलोमन आयलंड्सची मुलगी, त्या २७ जणांमधली एक, न्यायाधीशांसमोर उभी राहून बोलली. फिजीचा विशाल प्रसाद आणि बाकीच्यांनी मधल्या काळात बेटाबेटांवरच्या लोकांचे अनुभव गोळा केले होते, म्हणजे कुणाची शेती खारी झाली, कुठलं गाव मागे सरकवावं लागलं. (सुनावणी संपल्यावर चारच दिवसांनी पोर्ट व्हिलाला ७.३ चा भूकंप झाला. त्याचा हवामानाशी काही संबंध नाही, पण या लोकांचं नशीब काय लिहिलंय कुणास ठाऊक.)

२३ जुलै २०२५ ला कोर्टानं मत दिलं, सगळ्या न्यायाधीशांचं एकमत. आता ज्येष्ठ वाचकांचा मुद्दा, की बंधनकारक नाही. बरोबर आहे, सल्लागार मत आहे, उद्या वानुआतू कुणाच्या घरी जप्ती आणू शकत नाही. पण कोर्टानं त्यात जे सांगितलंय ते आधीपासून लागू असलेल्या कायद्याबद्दल सांगितलंय आणि तो कायदा बंधनकारक आहे. वातावरणाची मोठी हानी होऊ न देणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य, मग तुम्ही पॅरिसच्या हवामान करारात असा नाहीतर बाहेर पडा. सरकारनं कोळसा-तेल-गॅसच्या उत्पादनाला मोकळं रान दिलं, नवे शोध परवाने दिले, सबसिडी दिली, तर ते बेकायदा कृत्य ठरू शकतं. आणि चूक आणि नुकसान यांचा संबंध सिद्ध झाला तर भरपाईसुद्धा मागता येते. अजून एक, समुद्र वर आला आणि एखाद्या देशाची जमीनच गेली तरी तेवढ्यानं तो देश म्हणून संपत नाही. तुवालू या समुद्रात बुडत चाललेल्या बेटांच्या देशातल्या एखाद्या पोराला हे वाक्य काय वाटलं असेल याचा विचार करा. उद्या जगातल्या कुठल्याही कोर्टात हवामानाची केस उभी राहिली की वकील पहिल्यांदा हेच मत काढणार, मग याला नुसता कागद कसं म्हणायचं?

यात आपलाही भाग आहे आणि तो जरा अवघड आहे. त्याच सुनावणीत ५ डिसेंबर २०२४ ला भारताच्या वतीनं मांडलं गेलं की ज्यांनी जास्त बिघडवलं त्यांची जबाबदारी जास्त, जगाची जवळजवळ १८ टक्के लोकसंख्या आमची आणि आजवरच्या उत्सर्जनातला वाटा ४ टक्क्यांच्याही आत. हे मला शंभर टक्के पटतं. पण त्याच दमात आपण हेही म्हणालो की जे करार आधीच झालेत त्यापलीकडे कोर्टानं नवीन जबाबदाऱ्या काढू नयेत. इथे मात्र आपली गाडी श्रीमंत देशांच्याच रांगेत जाऊन उभी राहिली, कारण अमेरिका पण थोड्याफार फरकानं तेच म्हणत होती. कोर्टानं ते ऐकलं नाही. गंमत म्हणजे त्याच कोर्टात आपले न्या. दलवीर भंडारी होते, जे २००४-०५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते, म्हणजे २६ जुलैचा तो पाऊस झाला तेव्हा पदावर तेच. त्यांनी एका सहकारी न्यायाधीशांबरोबर वेगळं निवेदन जोडलंय ते कोळसा-तेलाच्या मुद्द्यावर अजून स्पष्ट बोलणारं आहे. यावर आपल्या पेपरात अर्धा रकाना तरी आला का? माझ्या तरी वाचनात नाही.

आणि हो, या पोरांच्या संघटनेला आणि त्यांच्या बाजूनं लढलेले ग्वामचे (पॅसिफिकमधलंच अमेरिकेच्या ताब्यातलं बेट) वकील ज्युलियन अगुओन यांना २०२५ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार, ज्याला पर्यायी नोबेल म्हणतात तो, मिळाला. हाच पुरस्कार १९९१ मध्ये मेधाताई, बाबा आमटे आणि नर्मदा बचाओ आंदोलनाला मिळालेला. त्यामुळे हे कुठलं तरी लांबचं प्रकरण आहे असं निदान आपण तरी म्हणू नये.

आता रॅलीबद्दल. मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या, सुपारी परत लागती व्हायला किती वर्षं जातात ते ज्यांची बाग आहे त्यांनाच माहीत. त्यानंतर आमच्याकडे पोरांसाठी काय काय झालं, तर पोस्टर स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा, वृक्षदिंडी, ऑनलाइन शपथ आणि त्याचं सर्टिफिकेट. बारावीतला माझा एक विद्यार्थी प्रोजेक्टसाठी ग्रामपंचायतीत गेला आणि गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा बघायला मागितला. पहिलं उत्तर, तुला कशाला पाहिजे. दोन-तीन खेपा घातल्यावर दाखवला, तर त्यात संपर्क म्हणून जो सरपंचांचा नंबर होता ते सरपंच दोन टर्मपूर्वीचे, आणि निवाऱ्याची जागा म्हणून जी शाळा लिहिली होती तिचे पत्रे निसर्गमध्येच उडाले होते. पोरानं हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. पोचही दिली नाही हो कुणी. आता हा मुलगा पुढच्या वर्षी रॅलीला गेला आणि स्टेटस टाकला तर त्याला नावं ठेवायची, की त्याचा कागद न घेणाऱ्याला?

मला पत्रलेखक काकांना (वयाचा मान ठेवून म्हणते) एवढंच विचारायचंय की वानुआतूचं पोरगं आपल्या पोरापेक्षा काय वेगळं आहे? इन्स्टा तेही वापरतं. फरक एवढाच की त्याच्या मास्तरांनी त्याला स्पर्धेचा विषय न देता खरं काम दिलं आणि त्याच्या मंत्र्यानं पत्र उघडून वाचलं. आपल्याकडे "तरुण हेच देशाचं भविष्य" म्हणून स्टेजवर बसवतात, हार घालतात, आणि ठराव लिहायची वेळ आली की बाळा तू चहाचं बघ. आपल्याकडे अठरा पूर्ण करून मतदार यादीत नाव आलं की तो ग्रामसभेचा सदस्यच आहे, कुणाची परवानगी लागत नाही, पण ग्रामसभेत पोरं दिसतात का? आणि दिसली, बोलली, तर इतिवृत्तात येतं का? रिधिमा पांडे या उत्तराखंडच्या मुलीनं २०१७ मध्ये नऊ वर्षांची असताना हरित लवादाकडे हवामान बदलावर याचिका केली होती, ती २०१९ मध्ये निकाली काढून टाकली. मार्च २०२४ मध्ये मात्र सुप्रीम कोर्टानं माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये मान्य केलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेतच आहे. म्हणजे दार आपल्याकडेही किलकिलं झालंय, पण पोरांना ते दाखवणारं कोण?

तर संपादक साहेब, एक विनंती. हेगच्या मताचा सोप्या मराठीत सारांश, तीन-चार भागांत का होईना, आपल्या पेपरात छापा, जाहिराती कमी असतील तेव्हा छापा हवं तर. आमच्या कॉलेजात मी तो वर्गात वाचून घेईन, आणि किनाऱ्यावरच्या तालुक्यांमधल्या लॉ कॉलेजच्या प्राध्यापकांनाही सांगेन की पोरांना एकेका गावाचा आपत्ती आराखडा तपासायला द्या, मार्क द्या त्याला. त्यातून जे निघेल ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडायला आमची मुलं तयार आहेत, तेव्हा आपला एखादा वार्ताहर पाठवलात तर निदान पोच तरी मिळेल.

कळावे,
एक शिक्षिका, जि. रायगड