सही ज्याच्या हातात

प्रिय सुमे,

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. गुडघा बरा, आईही बरी. पण काल जे झालं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

आमच्या अंतर्गत समितीचं, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचं, प्रशिक्षण होतं. वकीलबाईंनी एक कल्पित प्रकरण दिलं: पीएचडीची मुलगी, प्रबंधावर गाइडची अडलेली सही आणि तिने त्याला पाठवलेले हसऱ्या इमोजींचे मेसेज. आमची सगळ्यात तरुण सदस्य म्हणाली, ‘सज्ञान आहे, हो म्हणाली, विषय संपला.’ माझं डोकंच फिरलं. ज्याच्या हातात सही, त्याला नाही म्हणायची तिला सोय तरी होती का?

तुला 2017 आठवलंच असेल. लैंगिक छळाचे आरोप असलेल्या प्राध्यापकांच्या नावांची ती यादी फेसबुकवर आली, ज्येष्ठ स्त्रीवाद्यांनी ती मागे घ्या, रीतसर चौकशी करा म्हटलं. तू त्यांच्या बाजूची, मी यादीच्या. मला ‘जहाल’ म्हणालीस आणि वर माझ्या वाटणीची मिसळही संपवलीस! ती मी विसरलेले नाही.

तुमचा उदारमतवादी मुद्दा मला पाठ आहे: दोन्ही बाजू ऐका, आणि बाईचा होकार खोटा ठरवून तिला पुन्हा अजाण पोर करू नका. हे दुसरं मला आजही टोचतं, कारण त्यात तथ्य आहे. पण मथुराचं काय? 1972, देसाईगंजचं पोलीस ठाणं, आदिवासी मुलगी. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराचा आरोप असलेल्या पोलिसांना सोडलं. वसुधा धागमवार, लोतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांचं त्या निकालाविरुद्धचं 1979 चं खुलं पत्र आपण हॉस्टेलवर मोठ्याने वाचलं होतं. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हेच त्यांचं म्हणणं. 1983 मध्ये कोठडीतल्या बलात्कारासाठी कायदा बदलला. कोठडीत सत्ता चालते हे मान्य, मग गाइडच्या केबिनमध्ये चालत नाही?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात आमिष आणि धमकीचा उल्लेख आहेच. आमच्या प्रश्नावलीत मात्र त्याबद्दल अक्षर नाही. मी दोन प्रश्न घालणार आहे. त्याला: तिच्या बाबतीतले कोणते निर्णय तुमच्या हातात होते? तिला: नकार दिला असता तर काय गमवावं लागलं असतं? दुसरा असा कसा विचारायचा की तिचा होकार आम्ही हिसकावून घेतोय असं तिला वाटणार नाही? इथे मला तूच हवीस.

चिरंजीवांची बारावी कशी गेली? फ्लॅटचा ताबा मिळाला का? बैठक शुक्रवारी आहे, त्याआधी फोन कर.

तुझी,
मंदा