तुर्भ्याच्या भंगारवाल्या मावशींना, मनापासून थँक्यू

मावशी, नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही माहितीये मला, तुमचा धाकटा गल्ल्यावर मोबाईल घेऊन बसलेला असतो तो वाचून दाखवेल, आणि मधलं काही गाळलं तर त्याला ओरडा. आमच्या ऐरोलीच्या बैठ्या घरासमोर जी इवलीशी जागा आहे ना, तुमच्याकडच्या भंगारातून बाग केलीय ती, तिथे येणारा जाणारा थांबतो हल्ली, हे कुठून आणलं, ते कोणी करून दिलं, मी सुताराचा नंबर देते, रंगवाल्याचा देते, आणि तुमचं नाव राहूनच जातं. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

तुम्ही मला जे विकलंत त्याचे पैसे मी दिलेत, तो हिशोब झाला. आभार मानायचेत ते तुम्ही जे जे विकलं नाहीत त्याचे. गिऱ्हाईक हातात पैसे घेऊन उभं असताना "हे नको नेऊ" म्हणणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही.

तो निळा ड्रम आठवतोय? आपल्याकडे रबाळे-महापे-तुर्भे सगळा कंपन्यांचा पट्टा, ड्रमला तोटा नाही, आणि मला तो आडवा कापून त्यात वांगी-टोमॅटो लावायचे होते कारण व्हिडिओत सगळे तेच करतात. तुम्ही पहिलं काय विचारलंत, तर "खायचं लावणारेस का शोभेचं?" खायचं म्हटल्यावर ड्रम उलटा केलात आणि सांगितलंत की बुडाला त्रिकोणात जो २ आकडा आहे तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो, आत काय भरलेलं ते नाही. लेबल खरवडून काढलेला ड्रम कुठल्या कंपनीतून काय घेऊन आला कोणाला ठाऊक, आणि असलं प्लास्टिक आतला माल थोडाफार पिऊन घेतं, साबणाने कितीही घासा जात नाही. वर दम दिलात की बूच लावलेल्या ड्रमला ग्राइंडर लावायचा नाही, आत थिनरबिनरची वाफ असली तर एका ठिणगीत भडका. मग मला थांबायला लावलंत, आणि लिक्विड ग्लुकोजचा, म्हणजे खाण्याच्याच मालाचा, लेबल शाबूत असलेला ड्रम आल्यावर फोन केलात. आता त्यात वांगी आहेत. बुडाला भोकं पाडलीत, तुम्ही सांगितली त्याहून दोन जास्तच.

सिमेंटच्या पत्र्याचं तर मी घरी सगळ्यांना सांगते. मला त्याचे तुकडे करून वाफ्याच्या कडा करायच्या होत्या, तुम्ही हातच लावू दिला नाहीत, म्हणालात तो आहे तसा उचलून नेतील ते लोक वेगळे, कापायला मी देणार नाही. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, कापला की बारीक तंतू हवेत उडतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यातून पुढे कॅन्सरसुद्धा होतो. ६०हून जास्त देशांनी यावर बंदी घातलीय, आपल्याकडे अजून सर्रास छपरावर असतो. कडांसाठी तुम्ही घणसोली गावठाणातल्या एका पाडलेल्या घराची मंगलोरी कौलं दिलीत, उभी पुरली, पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरलं आणि आता ती मुद्दाम आणल्यासारखी दिसतात. मंगलोरला ही कौलं करायचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनवाल्यांनी १८६५ साली काढला होता, म्हणजे वस्तू किती जुन्या वळणाची आहे बघा, आणि आपण ती डंपरमध्ये राडारोडा म्हणून भरतो. फुटलेली पण वाया नाही गेली, ते तुकडे नि कोळसा घालून ऑर्किड लावलंय, मातीपेक्षा त्यात ते खूष आहे.

पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीचं, ज्ञान तुम्हाला न्हावाशेवा बंदराच्या ट्रकवाल्यांनी दिलं म्हणालात, ते मी इथे मुद्दाम लिहिते कारण लोक डोळे झाकून उचलतात. शिक्का बघायचा. गव्हाच्या लोंबीसारखं चित्र आणि बाजूला एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात आणायचं नाही. शिक्काच नसेल किंवा तेलाचे डाग असतील तरी सोडून द्यायचं. पण एचटी म्हणजे वाळवी लागणार नाही असं नाही हां, ते आधीचे किडे मारतात, पुढची हमी कोणी देत नाही. त्या व्हिडिओवाल्यांकडे आपला जुलै नसतो ना, ते पॅलेट सरळ मातीवर टेकवतात. माझं बाकडं विटांवर उभंय, आणि दर पावसाळ्याआधी त्याला जवसाचं तेल लावते. (तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका कोणी, तो आपोआप पेट घेऊ शकतो, पसरून वाळवा.)

टायर तुम्ही भोकं पाडल्याशिवाय कोणाला देतच नाही, त्यात पाणी साठलं की आठवडा-दीड आठवड्यात डेंग्यूचे डास तयार, हे महापालिकेच्या माणसांआधी तुम्ही सांगता.

आणि ती खिडकी! सागवानी, लोखंडी गजांची, हिरव्यावर निळा नि निळ्यावर परत हिरवा ऑइलपेंट चढवलेली. मी मशीनने घासायला निघाले होते, तुम्ही म्हणालात पाणी मारून हाताने घास, तोंडाला मास्क बांध आणि पोरांना लांब ठेव, जुन्या रंगात शिसं असतं. नंतर मी बघितलं तर घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम आपल्याकडे लागू झालाय नोव्हेंबर २०१७ला, म्हणजे त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाहीच. सगळा रंग मी काढला पण नाही, एका झडपेवरचा हिरवा तसाच ठेवून वर क्लिअर कोट मारला, सुताराला ते अजिबात पटलेलं नाही, तो अजून "मॅडम अर्धवट काम" म्हणतो. भिंतीपासून वीतभर पुढे उभी केलीय, गजांवरून गोकर्ण चढलाय, आणि सासूबाई जिला आधी "कचरा" म्हणत होत्या तिच्यासमोर उभ्या राहून त्यांनी फोटो काढून घेतला. तो भावकीच्या ग्रुपवर पण गेला.

अजून एक. तुमच्याकडे मागच्या बाजूला शिलाई मशीनचा ओतीव लोखंडाचा स्टँड पडलाय, पायडल गंजलेलं आहे तो. शहाबादी फरशीचा एक तुकडा आहे माझ्याकडे, वर बरोबर बसेल, बाहेर चहाचं टेबल होईल. रविवारी येते, तोपर्यंत कोणाला देऊ नका. भाव नेहमीचाच लावा, ओळखीत सूट नको, आणि दिलीतच तर मी नाही म्हणणार नाही.

तुमची,
ऐरोलीची खिडकीवाली